रशियाच्या पडद्यावरच्या तीन बायका

(बायकांच्या कार्यक्रमात आमच्या केंद्रावरून झालेलं भाषण)



कुणी भाकरी थापता थापता ऐकताय, कुणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून ऐकताय. सगळ्यांना आमचा रामराम. आज आपण जरा लांब जाणार आहोत, थेट रशियाला. तिथल्या पडद्यावरच्या तीन बायकांची ओळख आम्ही करून देणार आहोत. पहिली दिग्दर्शक, दुसरी नटी, तिसरी पुन्हा दिग्दर्शक. दिग्दर्शक म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा, कुणी काय करायचं, गोष्ट कशी सांगायची हे ठरवणारी व्यक्ती.

तुम्ही म्हणाल, रशियाचा आणि आपला काय संबंध? संबंध आहे. १९५४ साली राज कपूर आणि नर्गिसचा 'आवारा' तिकडच्या थेटरांत लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. मग १९५७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून 'परदेसी' नावाचा चित्रपट काढला. आपले ख्वाजा अहमद अब्बास आणि त्यांचे वसिली प्रोनिन यांनी तो केला. त्यात नर्गिस होती आणि रशियन नट ओलेग स्त्रिझेनोव होता. गोष्ट होती अफनासी निकितीन या व्यापाऱ्याची. हा निकितीन पंधराव्या शतकात समुद्रमार्गे आपल्या कोकणात चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच राहिला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. म्हणजे येणंजाणं जुनं आहे. तिकडच्या बायकांना आपली नर्गिस ठाऊक होती. आपल्याला मात्र तिकडच्या बायका फारशा ठाऊक नाहीत. ती उणीव आज थोडी भरून काढू.

एक गोष्ट आधी सांगतो. १९२२ ते १९९१ या काळात रशिया आणि आजूबाजूचे बरेच प्रदेश मिळून एकच देश होता, सोव्हिएत संघ. आज ज्या तिघींबद्दल बोलतोय, त्यातल्या दोघींचा जन्म आजच्या युक्रेन देशातला. शिकल्या मॉस्कोला, कामही तिथल्या स्टुडिओंसाठी केलं, म्हणून जग त्यांना रशियन चित्रपटातल्या मानतं. पण त्यांची जन्मभूमी कुठली हे विसरायला नको.

आता पहिल्या बाई. नाव जरा लांब आहे, जिभेला वळण द्यावं लागेल: ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया. आपण त्यांना ओल्गाबाई म्हणू.

ओल्गाबाईंचा जन्म १८८१ चा, मॉस्कोचा. त्या आधी नाटकात काम करायच्या. १९१३ साली 'सुखाच्या किल्ल्या' या चित्रपटातून त्या प्रसिद्ध झाल्या. चित्रपट तेव्हा मुके होते. माणसं ओठ हलवायची आणि मध्येच पडद्यावर अक्षरं यायची. १९१६ साली त्यांनी एका पुरुष दिग्दर्शकाच्या जोडीने पुश्किन या लेखकाच्या कथेवर चित्रपट केला. रशियातली पहिली बाई दिग्दर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

पण त्यांचं मोठं काम झालं १९२७ साली. चित्रपटाचं नाव 'बाबी र्याझान्स्किये', म्हणजे र्याझानच्या बायका. गंमत बघा, रशियन भाषेत 'बाबा' म्हणजे खेड्यातली बाई! र्याझान हा मॉस्कोच्या आग्नेयेचा शेतीचा मुलूख. ओल्गाबाई तिथल्या खेड्यांत गेल्या. शेतं, नदीवर कपडे धुणाऱ्या बायका, लग्नातले भरजरी पोशाख, सगळं त्यांनी तिथलंच घेतलं.

गोष्ट ऐका. आन्ना नावाची गरीब मुलगी. तिचं लग्न इवानशी होतं. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. इवानची बहीण वसिलिसा, तिचं गावातल्या लोहारावर मन आहे. बाप त्या लग्नाला नाही म्हणतो. वसिलिसा रडत बसत नाही. ती सरळ घर सोडून लोहाराकडे राहायला जाते, गाव नावं ठेवतं तरी जाते. तेवढ्यात १९१४ चं महायुद्ध सुरू होतं. इवानला सैन्यात नेतात. घरात राहते तरणी सून आणि सासरा. आणि सासरा तिच्यावर जबरदस्ती करतो.

आन्नाला मूल होतं. गाव तिच्याकडे बोट दाखवतं. सासऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. काही वर्षांनी इवान परत येतो, मूल बघतो आणि बायकोकडे पाठ फिरवतो. आन्ना नदीत जीव देते. मग वसिलिसा पुढे येते. ती ते पोर उचलून कडेवर घेते आणि सगळ्यांदेखत बापाकडे बोट दाखवून भावाला सांगते, खरा गुन्हेगार कोण ते याला विचार. पोराला घेऊन ती निघून जाते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, हजारो मैल लांबची. तरी ऐकताना काही जणींच्या पोटात कालवलं असेल. रशियन भाषेत या प्रकाराला एक वेगळा शब्दच होता, 'स्नोखाचेस्त्वो'. सासऱ्याने सुनेवर हक्क सांगणं, असा त्याचा अर्थ. एखाद्या गोष्टीला भाषेत शब्द असतो, याचा अर्थ ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. घरोघरी माहीत, पण बोलायचं कुणी नाही. ओल्गाबाईंनी ती पडद्यावर आणली आणि हजारो लोकांना एकत्र बसून बघायला लावली. एकत्र बघितल्यावर माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरत नाही.

इथे थांबून एक सांगतो. आन्नाला जाऊन बोलावं अशी जागा नव्हती. तुम्हाला आहे. तुमच्या किंवा शेजारच्या घरात असं काही घडत असेल, तर १८१ हा बायकांसाठीचा मदतीचा फोन नंबर लक्षात ठेवा. तातडीची वेळ असेल तर ११२. आणि गटातली एक तरी वसिलिसा सोबत घ्या.

ओल्गाबाईंचं पुढे काय झालं? १९४१ नंतर त्यांना चित्रपट करता आला नाही. त्या १९७१ पर्यंत जगल्या. नव्वद वर्षांचं आयुष्य, त्यातली शेवटची तीस वर्षं हातात काम नाही. जिने बायकांचं दुःख पडद्यावर मांडलं, ती म्हातारपणी लोकांच्या विस्मरणात गेली.

आता दुसऱ्या बाई, नोन्ना मोर्द्युकोवा. या नटी. आणि आमच्या मते तुम्हाला सगळ्यांत जवळच्या वाटतील अशा.

नोन्नाबाई १९२५ च्या नोव्हेंबरात जन्मल्या, म्हणून आईवडिलांनी नाव ठेवलं नोयाब्रिना. जन्म आजच्या युक्रेनमधला, पण वाढल्या रशियाच्या दक्षिणेला कुबानच्या मुलखात, अझोव समुद्राजवळच्या येयस्क गावाच्या बाजूला. सहा भावंडांत थोरल्या. थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला सांगायला नको.

त्यांची आई कोल्खोजची अध्यक्ष होती. कोल्खोज म्हणजे गावाची सामाईक शेती. सरकारने लोकांच्या जमिनी आणि गुरं एकत्र करून ती चालवायला लावली होती. ते सगळं राजीखुशीने झालं नाही. जबरदस्ती झाली, धान्य उचलून नेलं, आणि १९३२-३३ मध्ये कुबान आणि युक्रेनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं उपासमारीने गेली. नोन्नाबाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. पुढे महायुद्ध आलं, गाव जर्मनांच्या ताब्यात गेलं. अशा दिवसांत त्यांची आई शेतीचा कारभार बघत होती आणि सहा पोरंही वाढवत होती. नोन्नाबाईंनी पुढे पडद्यावर ज्या बाया उभ्या केल्या, त्या सगळ्यांत ही आई दिसते. चालण्यात, कमरेवर हात ठेवण्यात, मोठ्या आवाजात हाक मारण्यात.

युद्ध संपल्यावर ही शेतावरची मुलगी मॉस्कोला गेली, चित्रपटाच्या शाळेत. ही शाळा सरकारने १९१९ मध्ये काढली होती. जगातल्या पहिल्या चित्रपट शाळांपैकी ती एक. आता हिशोब बघा.  राहायला वसतिगृह. वर दरमहा थोडे पैसे. म्हणून खेड्यातली, सहा भावंडांतली मुलगी तिथे शिकू शकली. आपल्याकडे मुलीची शाळा सुटते ती कशाने? कुठे बसचं भाडं, कुठे वसतिगृह नाही, कुठे घरातलं धाकटं भावंड. अंगात गुण असतात, पण ते दारापर्यंत नेणारी वाटच नसते. नोन्नाबाईंना ती वाट मिळाली.

शिकत असतानाच, १९४८ मध्ये, 'मलोदाया ग्वार्दिया' हा चित्रपट आला. जर्मन सैन्याविरुद्ध लढून मारल्या गेलेल्या खऱ्याखुऱ्या तरुण मुलामुलींची ती गोष्ट. त्यात नोन्नाबाईंनी उल्याना ग्रोमोवाचं काम केलं आणि तेविसाव्या वर्षी त्यांना देशातला मोठा पुरस्कार मिळाला. त्याच चित्रपटातल्या व्याचेस्लाव तिखोनोव या नटाशी त्यांचं लग्न झालं. १९५० मध्ये मुलगा झाला, व्लादिमीर. पुढे तेरा वर्षांनी नवराबायको वेगळे झाले.

१९६० चा 'साधी गोष्ट' हा त्यांचा चित्रपट. त्यात त्या साशा पोतापोवा नावाची विधवा आहेत. गाव तिला कोल्खोजची अध्यक्ष करतं. म्हणजे नोन्नाबाईंनी जणू आपल्या आईचीच खुर्ची पडद्यावर घेतली. आपल्यातल्या ज्या सरपंच झाल्या, ग्रामपंचायतीत निवडून आल्या, त्यांना साशा ओळखीची वाटेल. खुर्चीवर बसल्यावर गावाचं सगळं तिच्याकडे येतं. पण रात्री घरी आल्यावर तिचं ऐकायला कुणी नसतं.

आता एक मोठी गोष्ट सांगायची आहे. १९६७ साली अलेक्झांडर आस्कोल्दोव या दिग्दर्शकाने 'कोमिसार' नावाचा चित्रपट केला. वसिली ग्रॉसमन यांच्या कथेवरचा. त्यात नोन्नाबाई सैन्यातल्या अधिकारी आहेत, क्लावदिया वाविलोवा. कडक, पिस्तूल लावून फिरणारी बाई. रशियात यादवी युद्ध चालू आहे आणि तिला दिवस गेलेत. सैन्य तिला बाळंतपणापुरतं एका गरीब ज्यू कुटुंबात ठेवतं. घरधनी भांडी दुरुस्त करणारा कारागीर, त्याची बायको मारिया, सहा पोरं आणि म्हातारी आई. आधीच घरात जागा नाही, आता ही पाहुणी.

या बाईला लढाई येते, पण बाळ कसं धरायचं हे येत नाही. मारिया तिला शिकवते. आपल्या फाटक्या संसारातून तिच्यासाठी कापड काढते, खाऊपिऊ घालते. दोघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण बाळंतपणात बायका एकमेकींच्या किती जवळ येतात ते तुम्ही जाणता. शेवटी शत्रू गावाजवळ येतो. वाविलोवा बाळ मारियाच्या घरी ठेवते आणि पुन्हा लढायला धावते. आई म्हणून तिने बरोबर केलं की चूक? चित्रपट उत्तर देत नाही. बघणाऱ्याने विचार करायचा.

हा चित्रपट सरकारला आवडला नाही. ज्यू कुटुंबाला इतक्या मायेने दाखवलेलं खपलं नाही. त्यांनी तो बंद करून टाकला. तिकडे यासाठी शब्द होता, चित्रपट 'फळीवर टाकला'. आपण जुनं भांडं फळीवर टाकतो तसा. आस्कोल्दोव यांची नोकरी गेली आणि त्यांना आयुष्यात पुन्हा कथाचित्रपट करता आला नाही. नोन्नाबाईंचं इतकं मोठं काम वीस वर्षं कुणी पाहिलं नाही. ज्या सरकारने शिकवलं, त्याच सरकारने शिकून केलेल्या कामाला कुलूप लावलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात.

ते कुलूप कसं निघालं ते थोड्या वेळाने सांगतो, कारण त्याचा धागा तिसऱ्या बाईंशी जुळतो.

नोन्नाबाई थांबल्या नाहीत. हसवणारी कामं केली, रडवणारी केली. १९८० च्या सुमारास 'रोद्न्या', म्हणजे नातेवाईक, हा चित्रपट केला. खेड्यातली मारिया नावाची आई शहरात मुलीला भेटायला जाते. बघते तर मुलीचा संसार मोडलेला. मग ही बया सगळ्यांना सरळ करायला निघते आणि घोटाळे वाढवत जाते. बघताना हसू येतं आणि घशात आवंढाही येतो, कारण आपल्यातलीच एखादी आत्या, मावशी तिच्यात दिसते.

त्याच्या आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, 'रशियन शेत' नावाचा चित्रपट आला होता. नोन्नाबाई त्यात ट्रॅक्टर चालवणारी शेतकरी बाई झाल्या. तिचा मुलगा सैन्यात जातो आणि मारला जातो. त्या मुलाचं काम केलं होतं त्यांच्या सख्ख्या मुलाने, व्लादिमीरने. पडद्यावर आई मुलाच्या शवपेटीजवळ उभी आहे.

आणि मैत्रिणींनो, पुढे खरंच तसं झालं. व्लादिमीर नट झाला, पण नशेच्या आहारी गेला. १९९० साली, चाळीस वर्षांचा असताना, तो गेला. देशभरातल्या प्रेक्षकांची आवडती नटी आपल्या घरातलं हे दुःख थांबवू शकली नाही.

असं झालं की लोक पहिलं काय म्हणतात? आई कामासाठी बाहेर राहिली, पोराकडे लक्ष नव्हतं. अहो, बापही नटच होता. तोही कामासाठी बाहेरच असायचा. त्याला हा प्रश्न कुणी विचारला? आपल्या गावातही दारूने मुलगा गेला की आईचे लाड काढतात, नवरा गेला की बायकोचा पायगुण काढतात. नशा हा आजार आहे. त्यावर उपचार असतात, आणि ते लवकर करावे लागतात. त्या घरातल्या बाईला दोष देऊन आजवर एकही माणूस वाचलेला नाही.

नोन्नाबाईंनी १९९९ मध्ये 'मामा', म्हणजे आई, या चित्रपटात काम केलं. मोठं काम म्हणावं असं ते शेवटचं. २००८ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. मॉस्कोत मुलाच्या शेजारीच त्यांना पुरलं आहे. येयस्क गावात त्यांचा पुतळा आहे.

आता तिसऱ्या बाई, लारिसा शेपित्को.

लारिसाबाईंचा जन्म १९३८ चा, युक्रेनमधल्या बाखमुत शहरातला. तेव्हा त्याचं नाव आर्तेमोव्स्क होतं. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला, त्या युद्धात हे शहर जवळजवळ बेचिराख झालं. लारिसाबाईंची आई शाळेत शिकवायची. वडील कुटुंब सोडून गेले, आणि तिन्ही मुलांना आईने एकटीने वाढवलं. म्हणजे हीसुद्धा एकट्या आईची लेक.

सतराव्या वर्षाच्या आतबाहेर ही मुलगी मॉस्कोच्या त्याच चित्रपट शाळेत पोचली. तिला दिग्दर्शन शिकायचं होतं. हे काम पुरुषाचं, मुलीला झेपणार नाही, असं म्हणणारे तिथेही कमी नव्हते. तिला गुरू मिळाले अलेक्झांडर दोव्झेन्को, शेतकऱ्याच्या घरातून आलेले नामवंत दिग्दर्शक. ते लवकरच वारले, पण त्यांची शिकवण लारिसाबाईंनी आयुष्यभर धरून ठेवली: तडजोड करायची नाही.

शिक्षणाच्या शेवटी केलेला त्यांचा चित्रपट 'झ्नोय', म्हणजे रखरखीत ऊन. किर्गिझस्तानच्या माळरानावर तो चित्रित केला. ऊन इतकं की कॅमेऱ्यातली फिल्म वितळायची. त्यातच त्यांना कावीळ झाली. उभं राहवेना, तर स्ट्रेचरवर पडून त्यांनी दिग्दर्शन केलं. तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस-पंचवीस. याच काळात एलेम क्लिमोव या दिग्दर्शकाने त्यांना मदत केली, आणि पुढे दोघांचं लग्न झालं.

१९६६ मध्ये त्यांचा 'पंख' आला. महायुद्धात सोव्हिएत संघाने बायकांची तीन विमानपथकं उभी केली होती, ही खरी गोष्ट आहे. बायकांनी लढाऊ विमानं चालवली. पण युद्ध संपल्यावर त्या बायकांचं काय झालं? 'पंख' त्याबद्दल आहे. नादेज्दा पेत्रुखिना एकेकाळची वैमानिक, आता एका शाळेची मुख्याध्यापिका. शिस्तीची, कडक. मुलं तिच्याशी मोकळी होत नाहीत, लेकीशीही तिचं जमत नाही. शहरात तिचा मान आहे, फोटो लावलेला आहे, पण तिला जे येतं ते काम आता तिच्याकडे नाही. शेवटी ती विमानतळावर जाते आणि उभ्या असलेल्या विमानात नुसती बसते. तरुण पोरं गंमत म्हणून विमान ढकलत आत नेऊ लागतात. आणि ती इंजिन सुरू करते.

संकटाच्या वेळी बायकांना पुढे करायचं आणि संकट टळलं की घरी पाठवायचं, हे तिथेही झालं. दुष्काळात, पुरात, करोनात गटाच्या बायकांनी काय काय केलं ते आठवा. नंतर सभेत खुर्च्या कुणाला मिळाल्या तेही आठवा.

१९७३ मध्ये लारिसाबाईंना मुलगा झाला. गरोदरपणात पडल्यामुळे त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती आणि त्या कित्येक आठवडे अंथरुणावर होत्या. त्यातून उठून त्यांनी 'वोस्खोझ्देनिये' हा चित्रपट केला, म्हणजे चढण. वसिल बिकोव यांच्या कादंबरीवरचा. हाडं गोठवणाऱ्या थंडीत, बर्फात तो चित्रित झाला.

जर्मनांनी बेलारूस बळकावलेलं आहे. दोन लढवय्ये अन्नाच्या शोधात निघतात. तीन लेकरांची एक आई, देम्चिखा, त्यांना माळ्यावर लपवते. तिघंही पकडले जातात. एक जण छळ सोसतो पण तोंड उघडत नाही. दुसरा जीव वाचवायला शत्रूला जाऊन मिळतो. देम्चिखा फासावर जाते. तिने काही मोठं भाषण दिलेलं नसतं. दारात आलेल्या माणसाला तिने आसरा दिलेला असतो, एवढंच. या चित्रपटावरही बंदीची तलवार टांगली होती, पण तो सुटला. १९७७ मध्ये बर्लिनच्या जागतिक महोत्सवात त्याला सगळ्यांत मोठं बक्षीस मिळालं, सोन्याचं अस्वल. ते मिळवणाऱ्या लारिसाबाई जगातल्या दुसऱ्या बाई.

मग त्यांनी हाती घेतली व्हालेंतिन रास्पुतिन यांची कादंबरी, 'मात्योराचा निरोप'. अंगारा नदीतलं एक बेट, त्यावर तीनशे वर्षांचं गाव. खाली वीज करायला धरण होतंय आणि गाव पाण्यात जाणार आहे. घरं आधी जाळून टाकायची आहेत. म्हातारी दार्या काय करते? उद्या जळणार असलेलं आपलं घर ती झाडून काढते, चुना लावते, चूल पांढरी करते, हिरव्या डहाळ्यांनी सजवते. गेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालावी तसं. धरणाखाली गाव गेलेल्या आपल्याकडच्या बायकांना दार्याच्या मनात काय होतं ते कुणी समजावून सांगायला नको.

हे चित्रीकरण नुकतंच सुरू झालं होतं. २ जुलै १९७९ च्या पहाटे लारिसाबाई सहकाऱ्यांबरोबर कामावर निघाल्या असताना रस्त्यात अपघात झाला. गाडीतली माणसं गेली, लारिसाबाई गेल्या. वय अवघं एकेचाळीस. मुलगा सहा वर्षांचा.

नवऱ्याने, क्लिमोव यांनी, दुःख गिळून बायकोचा चित्रपट पुरा केला. तो 'निरोप' या नावाने आला. घराणं पुढे न्यायचं म्हणून पोरगा हवा, असं आपण ऐकत आलोय. इथे एका पुरुषाने बायकोचं काम पुढे नेलं.

आता तो मघाचा धागा. १९८६ मध्ये हेच क्लिमोव देशातल्या चित्रपटवाल्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. देशात वारं बदललं होतं. फळीवर टाकलेले चित्रपट खाली काढायला संघटनेने समिती नेमली. एकामागून एक डबे उघडले. 'कोमिसार' मात्र तरीही अडकलेला होता. १९८७ मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात आस्कोल्दोव यांनी पत्रकारांसमोर उभं राहून त्याबद्दल आवाज उठवला, तेव्हा तो दाखवला गेला. १९८८ मध्ये बर्लिनला त्याला रुपेरी अस्वल मिळालं. नोन्नाबाईंनी एकेचाळिसाव्या वर्षी केलेलं काम जगाने पाहिलं तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या.

मैत्रिणींनो, या तिघी एकमेकींपेक्षा खूप वेगळ्या. पण ओल्गाबाईंची वसिलिसा, नोन्नाबाईंची साशा आणि मारिया, लारिसाबाईंची देम्चिखा आणि दार्या, या सगळ्या खेड्यातल्या किंवा कष्टकरी बायका आहेत. चूल, शेत, बाळंतपण, धरण, या गोष्टींवर जगातले मोठे चित्रपट होऊ शकतात. आपल्या रोजच्या जगण्यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुमच्यातली एखादी म्हणत असेल, तर तिला ही नावं सांगा.

आता गटाच्या पुढच्या बैठकीत बोलायला आम्ही तीन प्रश्न देतो. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की दहा मिनिटं काढा.

पहिला: आपल्या गावात अशी कोणती गोष्ट आहे जी सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही? ती बोलायची झाली तर पहिला शब्द कोण काढेल आणि तिच्या शेजारी कोण उभं राहील?

दुसरा: आपल्या गटातल्या कुणाच्या मुलीची शाळा सुटायच्या बेतात आहे? नक्की कशाने सुटतेय? पैशाने, वाटेच्या भीतीने, की घरकामाने? त्यातलं एक तरी कारण गट मिळून दूर करू शकतो का?

तिसरा: गावातल्या म्हाताऱ्या बायकांपैकी कुणाचं काम असं फळीवर पडून आहे? सुईण, ओव्या म्हणणारी, बियाणं राखणारी, दारूबंदीला पुढे झालेली. त्यांना आपण शेवटचं कधी विचारलं?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हालाही हवं आहे. तुमच्या गावातल्या अशा बाईंचं नाव त्यांना विचारून आम्हाला कळवा. त्या तयार असतील तर आम्ही माईक घेऊन त्यांच्या अंगणात येऊ. ओल्गाबाईंसारखी तीस वर्षं वाट बघायला लावणार नाही.

ऐकत राहा, बोलत राहा. येतो मैत्रिणींनो, रामराम.